कलुषप्रसादन : वचन आणि प्रमाण

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात गढूळ पाणी निवळविणारी सात द्रव्ये सांगितली आहेत : कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता आणि मणी. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच ही नावे पाठ केली. त्यांतील वस्त्र सर्वांत साधे, आणि म्हणूनच की काय, आपल्या चर्चासत्रांत सर्वांत उपेक्षित.

त्याची खरी परीक्षा अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात घेतली. जुन्या सुती साडीची चार पदरी घडी घागरीच्या तोंडावर धरून पाणी भरावयास त्यांनी ६५ खेड्यांच्या पाहणीत स्त्रियांना शिकविले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा घरांतील पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. कारणही त्यांनी शोधले होते. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतात. वारंवार धुतलेल्या साडीचे धागे फुलून चार पदरांतील छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची होतात. सुटा जंतू त्यातून निसटतो, प्लवक मात्र अडकते. (नवी साडी तितकी कामाची नाही, हे आपल्या आजीबाईंना कोणत्याही विद्यापीठाने सांगावे लागले नसते.) आपल्या देशातून नारू गेला, त्यातही गाळण्याच्या फडक्याचा वाटा होता.

असे काही वाचले की आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी एकच उद्गार येतो : 'हे आमच्याकडे पूर्वीच सांगितले आहे.' सांगितले आहे, हे खरेच. परंतु किती पदर, कोणते पाणी, कोणता रोग, किती घरांत, हे कोणी मोजले? आम्ही नाही. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

प्रश्न अभिमानाचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पावसाळ्यात अतिसाराचे रुग्ण आले की आपण 'तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा' असे सांगून मोकळे होतो. बंगळुरू येथील संशोधकांनी २०१२ साली दाखविले की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात पटकी, विषमज्वर इत्यादींचे जंतू सापडत नाहीत आणि पाण्यात उतरलेले तांबेही मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. ते १६ तास आपण रुग्णास सांगतो काय? फ्लोराइड, नायट्रेट व आर्सेनिक यांवर हा उपाय नव्हे, हे सांगतो काय? निवळीच्या बीने पाणी नितळ होते. नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही.

एकाच गावात आयुर्वेद महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय असण्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडी नाहीत. स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत गढूळपणा मोजण्याची यंत्रे असतात; कतकाची योग्य मात्रा तेथे एका दुपारीत तपासता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस असा विषय देण्यास द्रव्यगुण व स्वस्थवृत्त विभागांनी पुढे यावे. निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो या त्रैमासिकात छापावा, अशी आमची संपादक मंडळास आग्रहाची विनंती आहे.