संध्याकाळ जात नाही

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या निधनानंतर चार महिन्यांनी रक्तदाब तपासायला आले. रक्तदाब ठीक होता. उठताना म्हणाले, ‘डॉक्टर, दिवस जातो हो, संध्याकाळ जात नाही.’ मी झोपेची गोळी लिहून दिली. उतारवयात अशा गोळीने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, हे ठाऊक असूनही. त्या चिठ्ठीची आजही लाज वाटते.

नागपूरकरांना ही व्यथा नवी नाही. आपल्या गावचे कवी ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, यांचा १९६७चा पहिला संग्रहच ‘संध्याकाळच्या कविता’. दुर्बोध म्हणून अनेकांनी तो बाजूला ठेवला, मीही त्यांतलाच. पन्नाशीनंतर उघडला तेव्हा सगळा अर्थ लागला असे नाही, पण एक जाणवले: हा कवी दुःखाला दार दाखवण्याची घाई करीत नाही, त्याला बसू देतो. २०१२ साली कर्करोगाने ते गेले.

आपण घरी नेमके उलट करतो. आईसमोर बाबांचा विषय काढत नाही, डोळे भरून आले की दूरचित्रवाणी लावून देतो. हे प्रेमापोटीच, पण त्यामुळे खरे ते बोलायला घरात जागाच उरत नाही. स्वतः निवडलेला एकांत सुखाचा असू शकतो, लादलेले एकाकीपण नव्हे. ज्यांना कमी ऐकू येते ते भरल्या घरातही एकटे पडतात, म्हणून कान अवश्य तपासून घ्या.

मात्र प्रत्येक उदासी काव्यमय समजू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ अन्न नकोसे होणे, वजन घटणे, कशातच रस न उरणे हा नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. थायरॉइड आणि बी-१२ही पाहावे लागते. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावरही बोलता येते.

पुढच्या भेटीत मी गुरुजींना विचारले, ‘बाई संध्याकाळी काय करायच्या?’ ते वीस मिनिटे बोलले. दोघे रोज फुटाळा तलावावर जात, म्हणे. परतताना भाजीवरून भांडत. बाहेर रुग्ण खोळंबले होते. गोळी त्या दिवसापासून कमी करीत आणली. ते आता नातवाला घेऊन फुटाळ्यावर जातात. भाजी अजून चुकीचीच आणतात, असे सूनबाई सांगत होत्या.