सात वर्षांची प्रतीक्षा कोणासाठी?

१८७२ सालच्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. ब्रिटिश अमदानीतील कायदे मोडीत काढल्याचा गाजावाजा त्या वेळी पुष्कळ झाला. परंतु जुन्या कायद्याचे १०८ वे कलम नव्या कायद्यात १११ वे झाले, एवढाच काय तो त्या कलमापुरता फरक. एखादा माणूस हयात असता तर ज्यांना स्वाभाविकपणे त्याची खबर लागली असती, अशांना सात वर्षे त्याची काहीच वार्ता नसेल, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, असे हे कलम सांगते. सोप्या भाषेत, सात वर्षे बेपत्ता असलेला माणूस मृत मानता येतो. कलमाचा क्रमांक बदलला; सात वर्षे सातच राहिली. शहरातील सुशिक्षितांना ही बाब किरकोळ वाटेल. ज्या गावांचे कर्ते पुरुष समुद्रावर जातात त्या गावांना ती तशी वाटत नाही.

किनाऱ्यावरच्या गावात माणूस नाहीसा होण्याची तऱ्हाच निराळी असते. रस्त्यावर अपघात झाला तर पंचनामा होतो, प्रेत मिळते आणि यथावकाश मृत्यूचा दाखलाही मिळतो. समुद्रात यातले काहीच घडेल याची शाश्वती नसते. बोट ठरलेल्या दिवशी परतत नाही. शेजारच्या बोटीचा तांडेल सांगतो, रात्री वायरलेसवर बोलणे झाले होते. दुसरा सांगतो, पहाटे ती दक्षिणेकडे दिसली होती. पहिले काही दिवस सारे बंदर शोधाला लागते. लोक पदरचे डिझेल जाळून बोटी बाहेर काढतात, खाड्यांची मुखे आणि खडकांच्या कपारी धुंडाळतात. मग शोध थांबतो आणि चर्चा सुरू होते. लिलावाच्या जागी, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर तोच विषय. त्याच्या डोक्यावर कर्ज होते म्हणे. मालकाशी वाजले होते म्हणे. आखातात गेला असेल. दुसरा घरोबा केला असेल. मोबाइलच्या कृपेने हे सारे मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत तासाभरात पोचते, आणि तिकडून त्यात भर पडून गावात परत येते.

या कुजबुजीला गावाचा दुष्टपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः जेथे अधिकृत निष्कर्षाची जागा रिकामी राहते तेथे अफवा येऊन बसते, आणि हा नियम जगभर सारखाच लागू पडतो. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट १७ डिसेंबर १९६७ रोजी व्हिक्टोरिया राज्यात पोर्टसी गावाजवळच्या चेव्हिऑट किनाऱ्यावर पोहायला उतरले ते परतले नाहीत. मोठा शोध होऊनही त्यांचे प्रेत सापडले नाही, आणि प्रेत नसताना मृत्यूची न्यायिक चौकशी करण्याची तरतूद त्या राज्याच्या कायद्यात तेव्हा नव्हती. परिणामी आत्महत्येपासून परदेशी पलायनापर्यंत नाना तर्क लढवले गेले. १९८३ मध्ये तर ते चीनचे हेर होते व चिनी पाणबुडीतून निघून गेले, असे सांगणारे पुस्तकही निघाले. पुढे १९८५ मध्ये कायदा बदलून संशयित मृत्यूच्या चौकशीची सोय झाली, आणि २००५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सुमारे ३८ वर्षांनी, होल्ट अपघाताने बुडाले असा अधिकृत निर्णय आला. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना जे उघड दिसत होते ते कागदावर यायला एवढा काळ लागला, आणि मधली सारी वर्षे अफवांची चलती राहिली.

पंतप्रधानाच्या कुटुंबाला अफवांनी मनस्ताप झाला असेल. त्यांची चूल त्यामुळे विझली नाही. खलाशाच्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. बोटीवरच्या माणसाला बहुधा मासिक पगार नसतो. मासळीच्या विक्रीतून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत त्याचा वाटा असतो, आणि हंगामाच्या आरंभी घेतलेली उचल त्यातून फिटायची असते. माणूस गेला की वाटा त्याच दिवशी थांबतो. उचल मात्र जिवंत राहते. त्याच्या नावावरच्या कर्जावर व्याज चढत राहते. बँकेतील ठेव मिळवायची तर, रक्कम लहान असल्यामुळे बँकेने सवलत दिली नसेल, तेव्हा न्यायालयाकडून मृत्यूचे अनुमान काढून घ्यावे लागते. विधवांसाठीच्या निराधार योजनेचा अर्ज भरायचा तर पतीच्या मृत्यूचा दाखला हवा. आयुर्विम्याची कथा याहून विलक्षण आहे. बेपत्ता माणसाच्या मृत्यूचे अनुमान सात वर्षांनंतर काढता येते; परंतु तो बेपत्ता झाला त्याच दिवशी मरण पावला असे अनुमान काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात २००४ साली स्पष्ट केले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की घरात मिळकत थांबली असतानाही पत्नीने त्याच्या विम्याचे हप्ते सात वर्षे भरत राहिले पाहिजे. ते थकले तर पॉलिसी बंद पडते, आणि शेवटी पूर्ण रकमेवर हक्क सांगता येत नाही. ज्या संकटासाठी विमा उतरवला त्या संकटानेच तो बुडावा, यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

या सात वर्षांत त्या स्त्रीला समाजात निश्चित स्थान नसते. कपाळीचे कुंकू ठेवावे तर शेजारणी कुजबुजतात, पुसावे तर सासरचे म्हणतात, हिला त्याच्या मरणाची घाई झाली आहे. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही, हे गावालाही ठरवता येत नाही. आणि टपरीवरची कुजबुज टपरीवरच राहत नाही, ती कचेरीपर्यंत पोचते. तो पळून गेला नसेल कशावरून, हा प्रश्न टेबलामागून विचारला जातो तेव्हा अफवेला शासकीय शेऱ्याचे रूप येते आणि प्रकरण वर्षानुवर्षे फायलीत पडून राहते.

यावर कोणी म्हणेल, कायद्याचा इलाज नाही. परंतु इलाज आहे, आणि सरकारने तो स्वतःच्या नोकरांसाठी केव्हाच शोधून काढला आहे. केंद्र सरकारचा कर्मचारी बेपत्ता झाला तर त्याच्या कुटुंबाला एका वर्षानंतर कुटुंब निवृत्तिवेतन द्यावे, असा आदेश १९८६ साली निघाला. पुढे ही मुदत पोलिसांत खबर दिल्यापासून सहा महिन्यांवर आणण्यात आली. कुटुंबाने बंधपत्र लिहून द्यायचे, आणि माणूस परत आलाच तर दिलेल्या रकमेचा हिशेब करायचा, अशी ही साधी व्यवस्था आहे. तिच्यामुळे सरकारी तिजोरी लुटली गेल्याची ओरड कधी ऐकू आलेली नाही. कचेरीतील कारकुनाच्या पत्नीला सहा महिन्यांनी मिळणारा आधार खलाशाच्या पत्नीला सात वर्षांनी मिळावा, यामागे कोणते तत्त्व आहे? भुकेची मुदत नवऱ्याच्या नोकरीवरून ठरत नाही.

सात वर्षे हा आकडा तरी आला कोठून? इंग्लंडमध्ये १६०४ सालच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने सात वर्षे परागंदा असलेल्या जोडीदाराचा अपवाद केला. १६६६ सालच्या दुसऱ्या एका कायद्याने समुद्रापार गेलेल्या व सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या माणसाला जमिनीच्या हक्कापुरते मृत मानण्याची सोय केली. या परंपरेतून पुढे सर्वसाधारण नियम तयार झाला, आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२ चा कायदा रचताना तो भारतात आणला. ज्या काळी शिडाच्या जहाजातून आलेल्या पत्राला उत्तर मिळण्यात वर्ष उलटत असे त्या काळाचे हे माप आहे. आज उपग्रहावरून बोटीची जागा कळते आणि हवामान खात्याची वादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. वादळात सापडलेल्या बोटीवरचा खलाशी कोठे तरी सुखरूप असेल आणि सात वर्षे घरी निरोप धाडणार नाही, असे गृहीत धरणे म्हणजे सतराव्या शतकाच्या घड्याळावर एकविसाव्या शतकाची वेळ पाहणे होय.

सात वर्षे ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, हेही राज्यकर्त्यांना ठाऊक आहे. परिस्थितीजन्य पुराव्यावरून त्याआधीही मृत्यू सिद्ध करता येतो. २००४ ची त्सुनामी आणि २०१३ चा उत्तराखंडातील प्रलय, या दोन्ही प्रसंगी बेपत्तांच्या मृत्यूची नोंद सात वर्षे न थांबता करण्यासाठी खास कार्यपद्धती आखली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ओखी वादळाचा अनुभव तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही जवळचा आहे. केरळ व कन्याकुमारीकडचे शेकडो मच्छीमार तेव्हा खोल समुद्रात होते. त्यांतील ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार भरकटत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. तिकडे घरोघर ज्यांच्यासाठी आक्रोश चालला होता ती माणसे इकडे देवगडच्या बंदरात उतरली, आणि किनाऱ्याची माणुसकी राज्यांच्या सीमा ओळखत नाही हे दिसून आले. पण सगळेच परतले नाहीत. सरकारी आकडा आणि गावांचा आकडा जुळेना, तेव्हा तेथील गावांनी व चर्चनी घरोघर विचारून बेपत्तांच्या आपल्या याद्या तयार केल्या. अखेरीस केरळ सरकारने बेपत्तांच्या कुटुंबांनाही मृतांच्या कुटुंबांप्रमाणे २० लाख रुपयांचे साहाय्य दिले.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की गावाच्या बोलण्याला शिस्त लावली तर त्याचा पुरावा होतो. कोण कोणत्या बोटीवर होता, कधी निघाला, शेवटचे बोलणे कोणाशी झाले, हे गावाइतके कोणालाच ठाऊक नसते. दुसरी गोष्ट कटू आहे. सवलत मिळते ती नाव असलेल्या वादळाला. शेकडो घरे एकदम उघडी पडली की मंत्री येतात आणि नियम वाकतात. एरवी एखाद्या रात्री एकच होडी उलटली, किंवा एकच खलाशी अंधारात डेकवरून घसरला, तर त्याच्यासाठी सातही वर्षे शाबूत असतात. रत्नागिरीच्या बोटींवर काम करणाऱ्या नेपाळी खलाशांचे तर विचारायलाच नको. असा एखादा बेपत्ता झाला तर त्याच्याविषयी गावात कुजबुजही होत नाही. कारण ज्यांना त्याची खबर लागायची ते दूर डोंगरात असतात.

सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, या आक्षेपात काही तथ्य आहे. विम्यासाठी किंवा देणी चुकवण्यासाठी नाहीशी होणारी माणसे असतात, आणि मृत मानलेला माणूस दारात येऊन उभा राहिल्याचेही घडते. परंतु चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. जिवंत माणसाला मृत धरून निर्वाहवेतन दिले तर काही रक्कम वाया जाईल, आणि ती बंधपत्राच्या आधारे वसूलही करता येईल. मृताला जिवंत धरून सात वर्षे काढली तर मुलाची सुटलेली शाळा कोणत्या बंधपत्राने भरून निघणार? म्हणून सारे हक्क एकाच मुदतीला बांधण्याऐवजी त्यांची वर्गवारी केली पाहिजे. मुसलमान विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यात पतीचा ठावठिकाणा नसल्याची मुदत चार वर्षांची आहे, तर हिंदू विवाह कायद्यात ती सात वर्षांची. अर्थात मुदती प्रसंगानुरूप निराळ्या ठेवता येतात, हे कायद्याला मान्यच आहे. मालमत्तेच्या वाटणीसाठी व पुनर्विवाहासाठी हवी तर लांब मुदत असू द्यावी. निर्वाहवेतन, मुलांचे शिक्षण, विम्याच्या हप्त्यांची स्थगिती आणि कर्जवसुलीला विराम या गोष्टी मात्र सहा महिन्यांत मिळाल्या पाहिजेत.

त्यासाठी नवे खाते उघडण्याची आवश्यकता नाही. समुद्रात माणूस बेपत्ता झाला की जिल्हाधिकाऱ्यांनी पोलीस, बंदर व मत्स्यव्यवसाय या खात्यांची संयुक्त चौकशी ठरावीक मुदतीत पुरी करावी, सहकारी खलाशांचे जबाब गावातच शपथेवर घ्यावेत आणि निष्कर्ष लेखी जाहीर करावा. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांना बोटांच्या ठशांसह ओळखपत्रे देण्यात आली. समुद्रावर कोण गेला याची नोंद देशाच्या सुरक्षिततेसाठी ठेवता येते, तर तीच नोंद त्याच्या घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी वापरण्यास हरकत कोणती?

किनाऱ्यावरच्या गावांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती, असे शब्द वापरून कायद्याने गावालाच साक्षीदार केले आहे. टपरीवर सहज उच्चारलेला ‘पळाला असेल’ हा शब्द उद्या एखाद्या फायलीत त्या स्त्रीच्या विरुद्ध उभा राहू शकतो. ज्याने काही पाहिले असेल त्याने ते पोलीस ठाण्यात जाऊन सांगावे. ज्याने पाहिले नसेल त्याने निदान तिची वाट अधिक बिकट करू नये. एका घराला सात वर्षे अधांतरी ठेवण्याचा अधिकार कायद्याला नसावा, तसा तो गावालाही नसावा.