उंदराच्या अंगी माणसाचे रक्त

दिवाळीच्या साफसफाईत फडताळामागून उंदीर निघाला, की सारे घर केरसुणी घेऊन त्याच्यामागे धावते. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत मात्र काही उंदरांना निर्जंतुक हवा आणि निर्जंतुक दाणापाणी देऊन जावयासारखे जपतात. असे कोण लागून गेले हे उंदीर?

त्यांच्या अंगी स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच. असा एक उंदीर १९८३ मध्ये अमेरिकेत सापडला. परके ते ओळखून हाकलणारे पहारेकरीच त्याच्या रक्तात नव्हते. १९८८ मध्ये संशोधकांनी त्या ओस चौकीवर माणसाच्या पेशी नेऊन बसविल्या. आता अशा उंदरात माणसाची कर्कगाठ वाढविता येते आणि माणसाच्याच पेशी तिच्याशी कशा झुंजतात, तेही पाहता येते.

एवढा खटाटोप कशाला? २००६ साली लंडनमध्ये प्रतिकारशक्ती चेतविणारे एक नवे औषध सहा निरोगी पुरुषांना टोचले. माकडांना ते बाधले नव्हते. हे सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले. सुदैवाने सारे वाचले. पण जनावराची प्रतिकारशक्ती म्हणजे माणसाची नव्हे, हा धडा मिळाला.

आता घरचे पाहू. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर नवा उपचार सिद्ध केला. रुग्णाच्याच 'टी' पेशी काढायच्या, त्यांना कर्कपेशीची खूण ओळखायला शिकवायचे आणि परत रक्तात सोडायच्या. माणसाच्या कर्कपेशी वाढविलेल्या उंदरांवर तो आधी पारखला. २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी परवानगी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारी ही चिकित्सा येथे तीस-चाळीस लाखांत होऊ लागली. सामान्य शेतकऱ्याला तेही डोईजडच, हे खरे.

या कामाची मराठी मुळे जुनी आहेत, आणि त्यांचा एक धागा नगर जिल्ह्यातही पोचतो. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर वर्षानुवर्षे काम करून स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते शोधले. तीच संस्था पुढे खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये सामावली. निवृत्तीनंतर १९८९ च्या सुमारास याच बाई अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करीत होत्या. उंदीर पाहिला तो माणसासाठी, हे त्या विसरल्या नाहीत.

तरीही उंदीर तो उंदीरच. आत बसविलेल्या मानवी पेशी बऱ्याचदा यजमानाच्याच देहावर उलटतात, आणि प्रयोग आवरता घ्यावा लागतो. म्हणून उंदराची साक्ष ही पहिली साक्ष, निकाल नव्हे. नगरहून मुंबई गाठणाऱ्या रुग्णाने "डॉक्टर, हे औषध आधी कुणावर पाहिले?" असे विचारले, तर त्यात भित्रेपणा नाही. तो त्याचा हक्क आहे. डोंगर पोखरून उंदीर निघाला, की आपण हसतो. येथे मात्र त्या उंदराने कुणाचा तरी जीव वाचतो.