जे आधी येईल ते

मंडळी, तुमच्या घरच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, आठवतंय? मलाही आठवत नव्हतं. गेल्या मे महिन्यात चोर्ला घाटात ते आठवायची वेळ आली.

कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो होतो. गाडी बाबांची, २०१८ सालची. मी चालवत होते, बाबा शेजारी, मागे आई आणि माझी दोन मुलं. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत सगळं मजेत. घाट उतरायला लागलो तेव्हा पुढे एक भरलेला ट्रक सरपटत होता. बाबा म्हणाले, "न्यूट्रलला टाक, पेट्रोल वाचतं." मी टाकलं. मग ब्रेकवरून पाय काही निघेना. बराच उतार संपल्यावर एका वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल एकदम मऊ. स्पंजावर पाय ठेवल्यासारखं खाली खाली जातंय आणि गाडी मात्र थांबत नाही. भराभर तीन-चारदा दाबल्यावर थोडा ब्रेक लागला, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मातीत गाडी कशीबशी उभी राहिली. दरीची बाजू दुसरीकडे होती म्हणून आज हे लिहिते आहे.

अर्ध्या तासाने पेडल पूर्वीसारखं टणक झालं, जणू काही घडलंच नव्हतं. खरं तर तिथेच टोइंगची गाडी बोलवायला हवी होती. आम्ही पहिल्या गिअरमध्ये रांगत केरी गाठलं आणि पुढे साखळीला एका गॅरेजात गेलो. मेकॅनिकने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावलं. आत कोरा चहा असावा असं काळपट ऑइल.

"हे कधी बदललं होतं?"

"अहो, गाडी चाललीच कुठे? चोवीस हजार किलोमीटर फक्त," बाबा म्हणाले.

"काका, किलोमीटर नाही विचारत. वर्षं किती झाली?"

आपल्या बऱ्याच घरांत हाच घोळ असतो. गाडी कमी चालते, म्हणून ती नवीच आहे, असा हिशेब. सर्व्हिसच्या पुस्तकात मात्र प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : जे आधी येईल ते. आपण पहिला आकडा वाचतो आणि पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून देतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. गाडी पोर्चमध्ये उभी असली तरी शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं ऑइल असतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. गावात फिरताना ब्रेक एवढे तापत नाहीत, म्हणून काही कळत नाही. लांब उतारावर तापतात, ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ लागतं ते त्यामुळे. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि सगळं ठीक वाटतं. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायला सांगतात. नुसतं वरून भर घालून चालत नाही, जुनं सगळं काढून नळ्यांतली हवाही काढावी लागते. गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगा, कारण नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते धरलेलं असतंच असं नाही.

न्यूट्रलबद्दलही बोलते, बाबांची माफी मागून. हल्लीच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असल्या आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणं जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर.

टायरचंही वय असतं. टायरच्या बाजूला डॉट ही अक्षरं असलेली एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी कधी ते आतल्या बाजूला असतात, वाकून बघावं लागतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी वापरू नये, असं टायर बनवणारेच सांगतात. बाजूच्या रबरावर बारीक भेगा दिसल्या तर तेवढंही थांबू नका. हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा असतो.

इंजिन ऑइलचं तर उलटंच आहे. टिळकवाडीहून खडेबाजार आणि परत, एवढंच रोज चालवलं तर इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये जमलेला ओलावा उडून जात नाही. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइलही म्हणून वर्षाला बदलायचं. बॅटरीलाही दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून फारसं काही मिळत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास बाहेर चक्कर मारलेली बरी.

साखळीहून परतल्यावर धाकट्याने हट्टाने बाबांच्या गाडीची स्टेपनी काढायला लावली. सात वर्षांत ती कुणी काढलीच नव्हती. आकडे निघाले ४४१७, आणि हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबली तर आत गेली. बाबा काही बोलले नाहीत. आत जाऊन पेन घेऊन आले आणि सर्व्हिसच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारीख घातली.