मासे मोजले, माणसे कोण मोजणार?

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाले. ७६ हजार २२० कोटींचा प्रकल्प, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. गाजावाजा असा, की जणू त्या पाण्यात आजवर काही नव्हतेच! अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांचा प्रश्न मात्र एकच आहे : आमचा मासा कुठे जाणार? हा केवळ कोळ्यांचा प्रश्न म्हणून आंबेडकरी चळवळीने गप्प बसावे, हे आम्हाला मान्य नाही.

आधी मासळी मोजण्याची सरकारी रीत समजून घेऊ. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे निवडक बंदरांवर, निवडक दिवशी, निवडक बोटींचा माल मोजतात आणि त्यावरून एकूण अंदाज बांधतात. पद्धत शास्त्रीय आहे. पण हा आकडा बंदरात उतरलेल्या मासळीचा आहे, समुद्रात उरलेल्या मासळीचा नव्हे. किनाऱ्याजवळ मिळणाऱ्या बोंबलासाठी बोट दूर गेली, दुप्पट डिझेल जाळून तेवढाच माल घेऊन आली, तर एकूण आकड्यात घट दिसत नाही. डोलकराच्या घरात मात्र ती दिसते. म्हणूनच शास्त्रज्ञ दर फेरीमागे, दर तासामागे किती मासळी मिळाली तेही पाहतात. सत्ताधाऱ्यांच्या भाषणात मात्र ढोबळ आकडाच येतो.

शिवाय या मोजणीत बोट चालवणारा डहाणू-तलासरीचा आदिवासी खलाशी कुठे आहे? टोपली घेऊन दारोदार फिरणारी मासळीवाली कुठे आहे? नुकसानभरपाई बोटीच्या कागदावर ठरली, तर ज्याच्या नावावर बोटच नाही त्याच्या हाती काय पडणार? भूमिहीन शेतमजुराला हा अनुभव नवा नाही.

डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारले. २०२० साली केंद्राने बंदरांना उद्योगांच्या लाल वर्गातून बाहेर काढले, आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. समुद्र तोच, कागद बदलला!

दुसऱ्या टोकाला मालवण आहे. १९८७ साली वन्यजीव कायद्याखाली तेथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपली मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला. तेथे मासा वाचवण्यासाठी मच्छीमार बाहेर जाण्याची भीती, येथे बंदरासाठी मासा आणि मच्छीमार दोघेही. निर्णय घेताना त्यांना बरोबरीने बसवायचे नाही, एवढे मात्र दोन्हीकडे समान.

ज्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उत्खनित केला, तेथेच सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. याच अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक दिवशी मासे मारण्यास आणि विकण्यास मनाई आहे. त्यात ‘केवटभोग’ हा शब्द येतो, म्हणजे मासेमारांचे राखीव पाणी. राखीव पाणी मासेमारांच्या नावाने ओळखले जात होते, हे आजच्या राज्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे, असे संविधानाचे अनुच्छेद ३९(ख) सांगते. समुद्र ही अशीच संपत्ती आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार मासळीच्या पाहणीचे सर्व अहवाल, बंदरनिहाय आकड्यांसह, मराठीत प्रत्येक कोळीवाड्यात आणि ग्रामपंचायतीत लावा. पाहणीत मच्छीमार सहकारी संस्था, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांना बसवा. भरपाईच्या यादीत बोट नसलेल्यांचीही नोंद करा.

केवळ कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. सरकारचा आकडाही त्याला अपवाद नाही. चळवळीतील वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी हे अर्ज कोळीवाड्यात बसून लिहून द्यावेत. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना पाण्यावरच्या हक्काची लढाई परकी वाटता कामा नये.