गुरुवारची सुट्टी कुणाच्या सोयीची?

मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या कितीतरी मुली आज चाकणच्या कारखान्यांत आहेत. घरून फोन केला की आईचा पहिला प्रश्न, ‘या आठवड्यात कोणती शिफ्ट गं?’ फर्स्ट, सेकंड की नाइट, हे काही त्या मुलीच्या हातात नसतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला. १९४८च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कारखान्यात कामाला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ मध्येच ती सैल केली होती. आता केंद्राच्या संहितेनेही रात्रपाळी खुली केली आहे. सुरक्षिततेच्या सोयी हव्यात आणि बाईची संमती हवी. बदल चांगलाच आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात आज फक्त बायकांची असेंब्ली लाइन आहे.

पण कुणाला कोणती शिफ्ट, हे ठरतं कसं? दहा जणी आणि तीन शिफ्ट घ्या. एका दिवसाच्या वाटपाचे ५९,०४९ प्रकार होतात! आठवड्याचे मोजायला गेलं तर आकडा ३४ अंकी. म्हणून मोठ्या कारखान्यांत हे काम संगणकाकडे जातं. त्यामागचं गणित मात्र आपल्याला परकं नाही, ते स्वयंपाकघरातूनही गेलेलं आहे. १९४५ मध्ये स्टिग्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हिशेब मांडला, की कमीत कमी पैशांत माणसाचं पूर्ण पोषण कसं होईल? उत्तर निघालं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुक्या शेंगांचे दाणे. वर्षाचा खर्च ४० डॉलरच्या आत. पुढे १९४७ मध्ये डॅन्झिगच्या नव्या पद्धतीने नऊ कारकुनांनी तेच गणित हाताने सोडवलं, तर फरक पडला जेमतेम काही सेंटांचा. गणित बरोबरच होतं. पण वर्षभर हे जेवणार कोण? चव ही अट कुणी घातलीच नव्हती.

शिफ्टच्या तक्त्याचंही तसंच आहे. मशीन थांबू नये, बस रिकामी धावू नये, ओव्हरटाइम वाढू नये, या अटी न सांगता आत जातात. सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री खोलीवर आलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी फर्स्टला बोलवू नये, ही अट कुणीतरी मुद्दाम घालावी लागते.

गुरुवारचंच बघा. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. विजेचा भार सगळीकडे एकदम येऊ नये म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटल्या गेल्या. विजेचं नियोजन उत्तम झालं. पण मुलांची शाळा बंद रविवारी आणि आई घरी गुरुवारी. तो हिशेब कुठल्याच तक्त्यात आला नाही, शेजारणीच्या नाहीतर सासूबाईंच्या खात्यावर गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा पाण्याच्या दिवशी कुणाची कोणती शिफ्ट, हे तरी कोणत्या कंपनीने विचारलं असेल?

आता संमतीकडे येऊ. नोकरीला लागताना भरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक सही, एवढीच ती राहिली, तर संगणकासाठी तो कायमचा ‘हो’. कंत्राटी किंवा ट्रेनी मुलगी पहिल्या दिवशी ‘नाही’ म्हणेल कशी? मला वाटतं, संमती दर महिन्याला नव्याने विचारावी आणि अट म्हणून तक्त्यात घालावी. ‘मग तक्ता जुळत नाही’ हे उत्तर आता सहजासहजी ऐकून घेऊ नये. अटी वाढल्या तरी संगणक अनेकदा नवा तक्ता मांडू शकतो, खर्च मात्र वाढू शकतो; सगळ्या अटी एकत्र पाळणं अशक्य असेल, तरच तक्ता खरोखर जुळत नाही.

तुमची मुलगी तिकडे निघाली असेल तर पगाराबरोबर एवढं जरूर विचारून घ्या: रात्रीची बस खोलीच्या दारापर्यंत येते की हायवेच्या नाक्यावर सोडते? शिफ्टचा तक्ता किती दिवस आधी लागतो? आणि नाइट नको असेल तर ते सांगायचं कुणाला?