शिक्षणखर्चाची तेरीज

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की ६ टक्क्यांची आठवण निघते. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली अहवाल सादर केला आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे सुचविले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी तोच आकडा पुन्हा उच्चारला. तो गाठण्याचा योग अद्याप आलेला नाही. रक्कम अपुरी आहे ही तक्रार रास्तच आहे. परंतु व्यापारी माणूस पेढीची प्रकृती केवळ उलाढालीवरून ठरवीत नाही. माल कोणत्या भावाने आला, गिऱ्हाइकापर्यंत किती पोहोचला, गोदामात किती पडून राहिला, देणी किती थकली, हे तो आधी पाहतो. सरकारच्या शिक्षणखर्चाला ही साधी कसोटी फारसे कोणी लावीत नाही.

या खर्चातून काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानाच्या पैशातून गावोगाव वर्गखोल्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. ग्रामीण भागातही ६ ते १४ वयोगटातील पटनोंदणी ९५ टक्क्यांच्या वर गेली. मूल शाळेच्या दारात आले, ही एका पिढीतील मोठीच कमाई म्हटली पाहिजे.

प्रश्न दारातून आत गेल्यानंतरचा आहे. ‘असर’ या पाहणीचे स्वयंसेवक २००५ पासून खेड्यापाड्यांतील घरोघरी जाऊन मुलांपुढे इयत्ता दुसरीच्या पातळीचा एक लहानसा उतारा ठेवतात. पाचवीत बसणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांना तो नीट वाचता येत नाही, असे ही पाहणी दीर्घकाळ सांगत आली आहे. पाच वर्षे शिक्षकाचा पगार, पुस्तके, गणवेश, जेवण, इमारत यांवर रक्कम खर्ची पडली आणि ज्यासाठी ती खर्ची पडली ते वाचन निम्म्या मुलांच्या पदरी पडले नाही. कोणत्याही पेढीवर असा ताळेबंद समोर आला, तर मुनीम प्रथम भांडवल वाढविण्याची मागणी करणार नाही; गळती कुठे आहे ते शोधील.

ती शोधण्याचा एक उत्तम प्रयत्न मुंबईच्याच महापालिका शाळांत झाला. १९९० च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने तेथे ‘बालसखी’ ही योजना सुरू केली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील शालेय शिक्षण पुरे केलेली तरुणी. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन ती शाळेत येई आणि तिसरी-चौथीच्या वर्गातील मागे पडलेली १५ ते २० मुले रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसे. तिच्यासाठी स्वतंत्र इमारत नव्हती. रिकामी खोली मिळाली तर ठीक, नाही तर व्हरांडा. पाठ्यपुस्तकाचा कितवा धडा चालू आहे याची तिने चिंता करायची नव्हती. मुलाला अक्षर येत नसेल तर अक्षर, बेरीज येत नसेल तर बेरीज, एवढेच काम. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये.

मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत ही योजना काटेकोरपणे तपासली गेली. पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या अभ्यासात होते. बालसखी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला द्यायची हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले गेले. त्यामुळे मुलांची प्रगती योजनेमुळे झाली की अन्य कारणाने, हा वाद उरला नाही. गुण स्पष्टपणे वाढले, आणि सर्वाधिक लाभ तळातील मुलांना झाला. खर्च एका मुलामागे वर्षाला सुमारे १०७ रुपये.

या अभ्यासातील एक निष्कर्ष मात्र खर्चाचे नियोजन करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कच्ची मुले बालसखीकडे गेल्यावर उरलेल्या वर्गाची संख्या रोज दोन तास कमी होत असे. त्या उरलेल्या मुलांना गर्दी कमी झाल्याचा लाभ व्हायला हवा होता. तो दिसला नाही. शिकविण्याची रीत तीच राहिली, तर वर्ग लहान करण्याचा खर्च आपोआप फळ देत नाही. वडोदऱ्यात याच सुमारास संगणकावर गणिताचे खेळ देण्याचा प्रयोगही झाला आणि त्याचाही चांगला उपयोग झाला. परंतु त्याचा खर्च बालसखीच्या कित्येक पट होता. प्रामाणिकपणे हेही नोंदविले पाहिजे की योजना संपल्यानंतर वर्षभराने पुन्हा तपासता लाभ बराच ओसरलेला आढळला. म्हणजे हा एकदाच करावयाचा भांडवली खर्च नव्हे, वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा महसुली खर्च आहे. आणि नेमका असाच खर्च सरकारांना, तसेच दानशूर धनिकांनाही, आकर्षक वाटत नाही. वर्गखोलीवर संगमरवरी पाटी बसते. बालसखीच्या मानधनावर ती कुठे बसवायची?

स्वयंसेवी संस्थेला जमले ते सरकारी यंत्रणेला जमते का, हा पुढचा प्रश्न. बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण व साहित्य देऊन पाहिले गेले, पण नेहमीच्या शालेय दिवसात त्याचा फारसा परिणाम झाला नाही. शिक्षकाला पद्धत येत होती, तथापि अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धावपळीत ती वापरण्यास सवड नव्हती. हरियाणात मात्र दिवसाचा एक तास केवळ यासाठी राखून ठेवला गेला, मुलांचे गट इयत्तेनुसार न करता पातळीनुसार केले गेले आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तेच शिकविले गेले. तेथे भाषेत सुधारणा दिसली. शिक्षक तेच होते. बदलले ते वेळापत्रक आणि देखरेख. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने लहान इयत्तांतील वाचन व अंकज्ञान हे ध्येय ठरविल्यानंतर, २०२४ च्या ‘असर’ पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांचे वाचन २०२२ च्या तुलनेत सुधारलेले आढळले, ही समाधानाची गोष्ट आहे.

शिक्षणखर्चाचा सिंहाचा वाटा वेतनाचा असतो आणि शिक्षकाला सन्मानाने जगता येईल असे वेतन असलेच पाहिजे. मात्र वेतनवाढ म्हणजेच गुणवत्तावाढ, हे समीकरण इंडोनेशियाने मोठी किंमत मोजून तपासले आहे. २००५ च्या कायद्यानंतर तेथे प्रमाणपत्रधारक शिक्षकांचे मूळ वेतन जवळपास दुप्पट झाले. शिक्षक समाधानी झाले, त्यांचे जोडधंदे कमी झाले; विद्यार्थ्यांच्या शिकण्यात मात्र फरक पडला नाही.

आता थोडे तारखांविषयी. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. खडू, दुरुस्ती, स्वच्छता, विजेचे देयक हे सारे त्यातून भागवायचे. रक्कम मुळातच तुटपुंजी. त्यातही ती शाळेच्या खात्यावर पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात जमा होते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा फळा रंगवायला पैसे नसतात. मार्चअखेरीस मात्र उपयोगिता प्रमाणपत्राची घाई सुटते आणि गरज असो वा नसो, खरेदी उरकली जाते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकांत सरकारी धनादेशांची रीघ लागते, हे त्या क्षेत्रातील कोणालाही ठाऊक आहे. जूनमधील १०,००० रुपये आणि मार्चमधील १०,००० रुपये खतावणीत एकच दिसतात. शाळेच्या दृष्टीने ते एक नव्हेत.

रक्कम वाटेत अडकते, तशी ती वाटेत झिरपतेही. याचा सर्वांत बोलका पुरावा आफ्रिकेतील युगांडा देशात मिळाला. तेथील सरकार प्रत्येक विद्यार्थ्यामागे शाळांना अनुदान देत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यास २५० प्राथमिक शाळांत जाऊन एक साधी गोष्ट तपासण्यात आली: राजधानीतून किती निघाले आणि शाळेत किती पोहोचले. १९९१ ते १९९५ या काळात सरासरी अवघे १३ टक्के पोहोचले होते. बहुसंख्य शाळांना काहीच मिळाले नव्हते आणि आपल्याला काही मिळावयाचे होते याची त्यांना कल्पनाही नव्हती. यानंतर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठविली हे वृत्तपत्रांतून छापण्यास आरंभ केला आणि मिळालेली रक्कम शाळेच्या भिंतीवर लावणे बंधनकारक केले. २००१ पर्यंत शाळेत पोहोचणाऱ्या रकमेचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. या सुधारणेचे सारे श्रेय वृत्तपत्रांना देऊ नये, त्याच काळात इतरही प्रशासकीय बदल झाले होते, असे काही अभ्यासकांचे मत आहे व ते ग्राह्य वाटते. तरीही देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची वही एकाच वेळी उघडी ठेवण्याचा गुण पेढी चालविणाऱ्यांना वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

महाराष्ट्रात याच विषयाची एक बाजू अनेक विश्वस्त मंडळांच्या अनुभवाची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकारने करायची. अलीकडील काही वर्षांत राज्याने हा दर मुलामागे १७,६७० रुपये ठरविला होता. मुले शाळेत आली. प्रतिपूर्तीच्या रकमा वर्षानुवर्षे थकल्या. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियमच बदलला आणि ज्यांच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा आहे अशा खाजगी शाळांना या तरतुदीतून वगळले. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरविला. बाजारात माल उचलून पैसे न देणाऱ्याची पत जाते. सरकारची पत जात नाही, पण तिचा भुर्दंड कोणाला पडतो? एखाद्या लहान संस्थेचा शिक्षकांचा पगार दोन महिने लांबतो आणि २५ टक्क्यांतून आलेल्या मुलाकडे शाळा ‘न फेडलेली उधारी’ म्हणून पाहू लागते. त्या मुलाचा यात काडीचाही दोष नसतो. नवीन योजना जाहीर करण्यापूर्वी जुनी देणी चुकती करणे, हा शिक्षणावरील सर्वांत निकडीचा खर्च का मानला जाऊ नये?

हिशेब मागण्याची व्यवस्था कायद्यात आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असा दंडक आहे. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे या समितीचे नेमून दिलेले काम आहे. पालक मजूर असतील, शेतकरी असतील. आकड्यांची त्यांना भीती वाटत असेल. अशा समितीजवळ बसून जमाखर्च वाचून दाखविणारा एखादा हिशेबनीस, वर्षातून दोन वेळा, गावातील कोणत्याही पेढीतून सहज मिळण्यासारखा आहे. समितीच्या नोंदवहीत सह्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखता येतील: अनुदान कोणत्या तारखेला जमा झाले, आणि त्या महिन्यात तिसरीतील किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला.